जुन्या फोटोतील ब्रिटिश सैनिकांच्या बाहीवरचे बॅज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, नाहीतर घरातली पत्र्याची पेटी. यांतून गोऱ्या सैनिकांचे फोटो निघतात आणि पहिला प्रश्न बाहीवरच्या चिन्हाचाच येतो. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः व्हिक्टोरियन काळाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या ब्रिटिश भूदलाबद्दल आहेत. ‘डावा’ आणि ‘उजवा’ हे सगळीकडे फोटोतल्या माणसाचे समजावे, बघणाऱ्याचे नव्हे.

१. ट्रेड बॅज म्हणजे काय? तो रँकपेक्षा वेगळा कसा?

रँक म्हणजे हुद्दा : लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट. ट्रेड बॅज म्हणजे तो माणूस सैन्यात काम काय करतो त्याची खूण : नालबंद, लोहार, सिग्नलर, बिगुलवाला. याच्या जोडीला कौशल्याचे बॅज असतात. ते नेमबाजी, मशिनगन, तलवार अशा परीक्षा पास झाल्याबद्दल किंवा बक्षीस म्हणून मिळत. तिसरा गट सेवेच्या खुणांचा : चांगली वर्तणूक, परदेशातली सेवा, जखमा. लोक या सगळ्यांना सरसकट ‘ट्रेड बॅज’ म्हणतात. बोलताना त्याने बिघडत नाही, ओळखताना मात्र हे तीन ढीग वेगळे ठेवावे लागतात, कारण प्रत्येकाची बाहीवरची जागा ठरलेली आहे.

२. फोटो हातात आला. बाहीवर आधी काय पाहू?

चित्र नंतर, जागा आधी. चिन्ह धूसर असले तरी ते कोणत्या हातावर आणि कोपराच्या वर की खाली आहे हे बहुतेक वेळा दिसते, आणि तेवढ्यावर निम्मे काम होते.

दंडावर, म्हणजे कोपराच्या वर, टोक खाली असलेल्या रुंद फिती हा हुद्दा : एक लान्स कॉर्पोरलची, दोन कॉर्पोरलच्या, तीन सार्जंटच्या. उजव्या दंडावर, फितींच्या वर किंवा फिती नसतील तर एकटे चिन्ह, हे बहुधा ट्रेड किंवा नेमणूक. डाव्या हाताला कोपराच्या खाली चिन्ह असेल तर बहुधा कौशल्य किंवा बक्षीस. डाव्या मनगटाजवळ टोक वर असलेल्या फिती चांगल्या वर्तणुकीच्या (प्रश्न ५), उजव्या मनगटाजवळच्या बारीक फिती परदेश सेवेच्या (प्रश्न ६), डाव्या मनगटाजवळची उभी रेघ जखमेची (प्रश्न ७). अपवाद आहेत, ते पुढे येतील. पण चिन्हावरून सुरुवात करणारा हमखास फसतो, कारण तेच चित्र दोन जागी दोन अर्थांनी वापरलेले असते.

एक बारकावा : खाकी सर्व्हिस ड्रेसवर हुद्द्याच्या फिती दोन्ही दंडांवर असत, पण पायदळाच्या लाल समारंभी कोटावर बहुधा फक्त उजव्या. त्यामुळे लाल कोटातल्या माणसाचा डावा दंड कोरा दिसला म्हणून तो साधा शिपाई ठरत नाही.

३. बॅज अगदी ठिपक्याएवढा दिसतो. स्कॅन किती डीपीआयवर करू?

१२०० डीपीआय, म्हणजे इंचाला १२०० ठिपके. का, ते आकड्यांत पाहा. त्या काळचे फोटो-पोस्टकार्ड साधारण १४० × ८९ मिलिमीटर. त्यावर पूर्ण उभा माणूस १०० मिलिमीटर उंच धरला तर तो प्रत्यक्षाच्या सुमारे सतराव्या हिश्श्याने छापलेला आहे. म्हणजे बाहीवरचा ४० मिलिमीटरचा बॅज कार्डावर जेमतेम २.३ मिलिमीटर उरतो. ३०० डीपीआयला त्याच्या वाट्याला २८ पिक्सेल येतात, त्यात रायफल आणि तलवार सारखीच दिसते. १२०० ला ११० च्या आसपास येतात आणि पानांचे कडे, मुकुट, अक्षर वेगळे काढता येते. त्याच्या पुढे गेलात तर बहुधा कागदाचा पोतच मोठा होतो, माहिती वाढत नाही.

ग्रेस्केल, १६ बिट, टिफ फाइल. स्कॅनरचे आपोआप धारदार करणे आणि धूळ काढणे बंद ठेवा. धूळ काढणारे सॉफ्टवेअर छोटा पितळी बॅजही धूळ समजून पुसते. स्कॅनर नसेल तर आठ ते दहा पटीचे भिंग आणि बाजूने पडणारा खिडकीचा उजेड पुरतो.

मोबाइलवर ‘फोटो स्पष्ट करून देणारी’ एआय ॲप्स ओळखीसाठी वापरू नका. ती दिसत नसलेले तपशील स्वतःच्या मनाने भरतात. चार धूसर ठिपक्यांतून सुबक मुकुट तयार होतो आणि मग सार्जंटच्या नशिबी भलतीच नेमणूक येते.

४. फोटो आरशासारखा उलटा आहे का, हे कसे ओळखू?

जागेवरून ओळखायचे तर हे आधी तपासायलाच हवे. पत्र्यावरचे फोटो, म्हणजे टिनटाइप, मूळचेच उलटे असतात. काचेच्या निगेटिव्हवरून छापताना काच पालथी ठेवली गेली तरी तसेच होते. तीन गोष्टी पाहा : पदके आणि पदकांच्या फिती डाव्या छातीवर हव्यात, पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीच्या वर येते, टोपीवर किंवा खांद्यावर अक्षरे असतील तर ती सुलटी वाचता यायला हवीत. फक्त पदकांवर विसंबू नका, कारण काही जण मयत नातेवाइकाची पदके उजव्या छातीवर लावत, आणि टेरिटोरियल, म्हणजे अर्धवेळ सैनिकांची ‘इम्पीरियल सर्व्हिस’ अक्षरांची आडवी पट्टीही उजव्या छातीवरच असे.

५. डाव्या मनगटाजवळ दोन फिती आहेत, टोक वर. म्हणजे कॉर्पोरल ना?

नाही. सगळ्यात जास्त होणारी गफलत हीच. त्या चांगल्या वर्तणुकीच्या फिती आहेत, आणि त्या असणे म्हणजे तो कॉर्पोरल *नसणे*. शिपाई आणि लान्स कॉर्पोरल यांनाच त्या लावता येत. कॉर्पोरलची बढती मिळाली की उतरवाव्या लागत. पद्धत १८३६ पासूनची. वर्षांचे हिशेब मधूनमधून बदलले, पण पहिल्या महायुद्धाच्या काळासाठी ढोबळमानाने पहिली फीत २ वर्षांनी, दुसरी ५ किंवा ६ वर्षांनी, तिसरी १२ वर्षांनी. सैनिक स्वतः त्यांना गमतीने ‘न पकडल्या गेलेल्या गुन्ह्यांची वर्षे’ म्हणत.

ओळखीला याचा मोठा उपयोग होतो. तीन फितींचा प्रौढ शिपाई युद्धापूर्वीचा कायम नोकरीतला माणूस असणार. एकच फीत आणि कोवळा चेहरा असेल तर १९१४–१५ मध्ये भरती होऊन दोन वर्षे काढलेला, म्हणजे फोटो १९१६ किंवा त्यानंतरचा, ही शक्यता आधी तपासावी.

६. उजव्या मनगटाजवळ बारीक फिती आहेत, काही गडद काही फिक्या. या कोणत्या?

परदेश सेवेच्या. १९१८ च्या सुरुवातीपासून लावू लागले. टोक वर, आकार बारीक. ३१ डिसेंबर १९१४ पर्यंत जो युद्धभूमीवर पोचला त्याची पहिली, सगळ्यात खालची फीत लाल. पुढच्या प्रत्येक बारा महिन्यांना एक निळी. लाल फीत नसेल तर माणूस १९१५ किंवा नंतर गेला. त्या काळच्या फोटोत लाल गडद आणि निळा फिका येतो (प्रश्न १६), म्हणून खालची काळसर आणि वरच्या उजळ असे दिसले तर तो सुरुवातीचाच माणूस धरायला हरकत नाही.

अशी फीत दिसली की फोटो १९१८ च्या आधीचा नाही, हे नक्की. दुसऱ्या महायुद्धात १९४४ पासून पुन्हा फिती आल्या, पण त्या सगळ्या लाल आणि सेवेच्या दर वर्षाला एक. दोन्ही युद्धे वेगळी काढायची तर कोट पाहा : मांडीपर्यंत येणारा चार खिशांचा कोट पहिल्या युद्धाचा, कमरेशी संपणारे आखूड बॅटलड्रेस दुसऱ्याचे.

७. डाव्या मनगटाजवळ एक उभी चमकदार रेघ आहे. घडी पडली आहे का?

घडी असेल तर ती बाहीभर जाईल. दोन इंचांची, सरळ, कफच्या वर नेमकी उभी रेघ असेल तर ती जखमेची पट्टी. जुलै १९१६ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट १९१४ पासूनच्या जखमांना लागू केली. जितक्या वेळा जखमी झाला तितक्या पट्ट्या. एकाच स्फोटात तीन ठिकाणी लागले तरी पट्टी एकच. अधिकारीही लावत. पट्टी सोनेरी कलाबतूची असली तरी फोटोत ती चकाकलीच पाहिजे असे नाही, उजेडाच्या कोनाप्रमाणे काळीही येते. १९४४ मध्ये ही पद्धत परत आली तेव्हा आधीच्या युद्धातल्या जखमांसाठी एकच लाल पट्टी ठेवली.

८. फुलीसारख्या दोन रायफली म्हणजे स्नायपर का?

नाही, वार्षिक नेमबाजी परीक्षेत वरच्या वर्गात पास झालेला निशाणेबाज. डाव्या हाताला कोपराच्या खाली. पहिल्या महायुद्धाआधीच्या कायम पलटणींमध्ये हा बॅज इतका सर्रास आहे की त्याचे फार कौतुक करू नये. वर मुकुट किंवा तारा असेल तर मात्र तो साध्या परीक्षेच्या पुढचा, पलटणीतल्या किंवा कंपनीतल्या उत्तम नेमबाजाचा मान.

त्याच रायफली मुकुटासह उजव्या दंडावर, सार्जंटच्या तीन फितींच्या वर असतील तर तो बंदुकीचे शिक्षण देणारा इन्स्ट्रक्टर. केंटमधल्या हाइद येथे १८५३ मध्ये निघालेल्या मस्केट्री स्कूलशी या शिक्षकांची परंपरा जोडलेली आहे.

टोपीवर फुलीतल्या मशिनगन आणि मुकुट दिसला तर तो बाहीचा बॅज नव्हे. ते मशिनगन कोअरचे चिन्ह, आणि ही कोअर ऑक्टोबर १९१५ ते १९२२ एवढाच काळ होती. साल ठरवायला यासारखी सोय नाही.

९. नाल, हातोडा, चाक, लगाम… घोड्यांशी संबंधित इतके बॅज कशाला?

कारण ते सैन्य घोड्यांवर चालत होते. घोडदळ, तोफखाना आणि सामानाच्या गाड्या या सगळ्यांना कारागीर लागत, आणि त्यांची जागा उजव्या दंडावर, हुद्दा असेल तर फितींच्या वर.

घोड्याचा नाल : नालबंद. हातोडा आणि सांडशी फुलीत : लोहार, फिटर, हत्यारे दुरुस्त करणारे आर्मरर आणि यंत्रकाम करणारे बरेच जण, हा बॅज फार रुंद अर्थाने वापरला गेला, त्यामुळे एकट्या त्यावरून नेमके काम सांगू नये. चाक : गाड्यांची आणि तोफगाड्यांची चाके करणारा सुतार. घोड्याच्या तोंडात राहणारी लगामाची लोखंडी दांडी : जीनगर. टाचेला बांधायची आर : नवे घोडे फिरवून तयार करणारा रफ रायडर. मात्र आरेबरोबर फुलीतले चाबूक असतील आणि ते डाव्या मनगटाकडे असतील तर तो तोफखान्यातल्या गाडी हाकण्याच्या स्पर्धेचा बक्षीस-बॅज. प्रश्न २ मधला नियम इथे पुन्हा लागू पडतो.

धूसर फोटोत नाल आणि पानांचे कडे यांत गोंधळ होतो. नालाची जाडी सगळीकडे सारखी आणि आतली जागा रिकामी. कड्याच्या आत जवळजवळ नेहमी अक्षर असते. हातोडा-सांडशी आणि फुलीतल्या कुऱ्हाडी यांतही होतो. कुऱ्हाडी पायदळातल्या पायोनियरच्या, म्हणजे झाडे तोडणे, वाट करणे, सुतारकाम करणाऱ्या माणसाच्या. कुऱ्हाडीचे दोन्ही माथे सारखे दिसतात. हातोडा-सांडशीत एक माथा जड आणि दुसऱ्याला दोन पाय.

१०. फुलीतले दोन झेंडे?

सिग्नलर. एक झेंडा गडद, दुसरा पांढरा आणि मधे आडवा पट्टा. डाव्या हाताला कोपराच्या खाली असेल तर परीक्षा पास झालेला सिग्नलर, उजव्या दंडावर असेल तर शिकवणारा. हे पलटणींचे स्वतःचे सिग्नलर. रॉयल कोअर ऑफ सिग्नल्स १९२० मध्ये निघाली. त्याआधी हे काम इंजिनियर्सच्या सिग्नल शाखेकडे होते आणि ती माणसे निळा-पांढरा दंडपट्टा बांधत.

११. पेटत्या गोळ्याचे चिन्ह आहे. हातबॉम्ब फेकणारा समजू का?

लगेच नको. या एका चिन्हामागे निदान अर्धा डझन अर्थ आहेत. सार्जंटच्या फितींच्या वर असेल तर रॉयल इंजिनियर्स किंवा ग्रेनेडियर गार्ड्स. कॉलरवर असेल तर इंजिनियर्स किंवा तोफखाना. पुस्तकी फरक असा की इंजिनियर्सच्या गोळ्याला नऊ ज्वाळा आणि तोफखान्याच्या सात, पण फोटोत ज्वाळा मोजता येतील या भरवशावर राहू नका. टोपीवर असेल तर फ्युझिलियर पलटणींपैकी एक असू शकते. हे सगळे वगळून पहिल्या महायुद्धातल्या खाकी कोटाच्या दंडावर एकटाच गोळा उरला, तर बॉम्बर, म्हणजे हातबॉम्बचे खास शिक्षण घेतलेला सैनिक, ही शक्यता पुढे येते.

तोफखान्याच्या सार्जंटच्या फितींवर गोळा नसतो, तोफ असते. आडवे लांबट चिन्ह आणि खाली चाक दिसले की प्रश्न मिटला.

१२. पानांच्या कड्यात इंग्रजी अक्षरे आहेत. यादी मिळेल का?

सगळे डाव्या हाताला, कोपराच्या खाली. ‘एम जी’ म्हणजे मशिनगनर. ‘एल जी’ पहिल्या युद्धात लुईस गनर, म्हणजे लुईस ही हलकी मशिनगन चालवणारा. ही गन ब्रिटिश सैन्यात १९१५ मध्ये आली, त्यामुळे त्याआधीच्या फोटोत ही अक्षरे असूच शकत नाहीत. ‘एच जी’ हॉचकिस या मशिनगनचा गनर, बहुधा घोडदळातला. नुसते ‘एल’ म्हणजे तोफेचा नेम धरणारा लेयर, म्हणून बाकीचा गणवेश तोफखान्याचा आहे का ते पाहा. ‘आर’ अंतर मोजणारा रेंज-टेकर. दुसऱ्या युद्धात ‘डी आर’ हा मोटरसायकलवरून संदेश नेणारा आणि ‘एम’ मॉर्टरवाला.

‘एल जी’ दुसऱ्या युद्धातही दिसतो, पण तिथे अर्थ लाइट मशिनगनर, व्यवहारात ब्रेन गनवाला. युग कोटावरून ठरवा (प्रश्न ६). ‘जी’ आणि ‘सी’, ‘एल’ आणि ‘आय’ यांत शंका आली तर दोन अक्षरांमधले अंतर पाहा. एकच अक्षर कड्याच्या बरोबर मध्यावर बसते, दोन असली की डावी-उजवीकडे सरकतात.

१३. फुलीतल्या तलवारी कोणाच्या?

उजव्या दंडावर असतील तर कवायत-व्यायामाचा शिक्षक : मुकुटासह असेल तर आर्मी जिम्नॅस्टिक स्टाफचा, मुकुट नसेल तर पलटणीतला सहायक. मूळ केंद्र ऑल्डरशॉट, सुरुवात १८६०. डाव्या हाताला खाली असतील आणि माणूस घोडदळातला असेल तर तलवारबाजीचे बक्षीस.

१४. कमळासारखे किंवा भाल्याच्या पात्यासारखे तीन पाकळ्यांचे चिन्ह?

फ्लर-द-ली, सैन्यातल्या स्काउटचे. टेहळणीसाठी निवडलेल्या माणसांना असा बॅज देण्याची कल्पना बेडन-पॉवेल यांनी १८९७ च्या सुमारास भारतात पाचव्या ड्रॅगून गार्ड्स या घोडदळ पलटणीचे नेतृत्व करताना राबवली, पुढे ती सैन्यभर गेली आणि तिथून बालवीरांच्या गणवेशावर. हेच चिन्ह टोपीवर असेल तर अर्थ वेगळा : १९२३ पासून ते मँचेस्टर रेजिमेंटचे टोपीचिन्ह होते.

१५. बँडवाल्यांचे बॅज कसे ओळखायचे? आणि मनगटाजवळ चार फिती असलेला माणूस कोण?

तंतुवाद्याचे, म्हणजे लायरचे चिन्ह बँडवाल्याचे, ढोल ड्रमरचा, बिगुल बिगुलवाल्याचा, फुलीतल्या तुताऱ्या घोडदळ आणि तोफखान्यातल्या ट्रंपेटरच्या. खांद्यावर पंखासारखे झालरदार तुकडे दिसले तर शंकाच नको.

चार रुंद फिती, टोक वर, मनगटाकडे आणि वर ढोल : ड्रम मेजर. ढोलाच्या जागी तारा असेल आणि फोटो १९१५ च्या आधीचा असेल तर क्वार्टरमास्टर सार्जंट. या फिती चांगल्या वर्तणुकीच्या फितींपेक्षा बऱ्याच मोठ्या असतात, आणि असा माणूस शिपायासारखा उभा राहत नाही, हेही खरे.

१६. फीत लाल होती असे पुस्तकात आहे, फोटोत काळी दिसते. पुस्तक चूक का?

पुस्तक बरोबर, फोटोची काच वेगळी. १९२० च्या दशकापर्यंत बहुतेक स्टुडिओ ज्या काचा वापरत त्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे आणि निळा गरजेपेक्षा जास्त दिसे. त्यामुळे लाल काळा, पिवळा आणि सोनेरी कलाबतू अपेक्षेपेक्षा गडद, आणि निळा फिकट राखाडी. लाल कोटातला माणूस काळ्या कोटात उभा वाटतो ते यामुळेच. पुढे सर्व रंग टिपणारी फिल्म आली तसा हा फरक कमी झाला.

म्हणून ‘रंग’ हा शब्द ओळखीत जपून वापरा. पितळ आणि भरतकाम यांतला फरक मात्र पकडता येतो : पितळेवर एक पांढरा चमकीचा बिंदू आणि शेजारी कडक सावली असते, लोकरीच्या भरतकामाची कड मऊ येते.

१७. दंडावर रेड क्रॉस आहे. डॉक्टर का?

रॉयल आर्मी मेडिकल कोअरचा कोणीही, शिपाईसुद्धा. गोल तुकड्यावर क्रॉस, दोन्ही दंडांवर. फोटोत क्रॉस काळा येतो. पांढऱ्या दंडपट्ट्यावर ‘एस बी’ अक्षरे असतील तर तो पलटणीतला स्ट्रेचर उचलणारा. तो लढाऊ पलटणीचाच माणूस, त्यामुळे त्याची टोपी आणि खांद्याची अक्षरे पलटणीची असतात आणि शोध तिकडेच घ्यायचा.

१८. दोन्ही दंडांवर सारखेच चौकोन, त्रिकोण किंवा प्राण्याचे चित्र आहे. हा कोणता ट्रेड?

कोणताच नाही. दोन्ही बाह्यांवर सारखे असेल तर ते बहुधा ब्रिगेड किंवा डिव्हिजनचे ओळखचिन्ह. पहिल्या युद्धात साधे रंगीत कापडी आकार, कधी पाठीवरही. दुसऱ्यात चित्रे, उदाहरणार्थ चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड. ट्रेड आणि कौशल्याचे बॅज साधारणपणे एकाच हातावर. प्रश्न १७ मधला क्रॉस हा अपवाद.

१९. अधिकाऱ्याच्या मनगटावर तारे आणि वेलबुट्टी आहे. हे कौशल्याचे बॅज का?

हुद्दा आहे. १९०२ पासून १९२० पर्यंत अधिकाऱ्यांचा हुद्दा खाकी कोटाच्या कफवर असे. शत्रूच्या नेमबाजांना तो लांबून दिसतो म्हणून बऱ्याच जणांनी युद्धातच तारे खांद्यावर नेले. अधिकारी ट्रेड बॅज लावत नसत. जखमेच्या पट्ट्या, परदेश सेवेच्या फिती, वैमानिकाचे किंवा पॅराशूटचे पंख एवढे लावत.

२०. रणगाडा, पॅराशूट, बॉम्ब असे ‘आधुनिक’ बॅज?

रणगाडा : टँक कोअर, १९१७ पासून, उजव्या दंडावर, रणगाड्याचे तोंड पुढच्या दिशेला. तोंड पाठीकडे दिसले तर फोटो उलटा छापल्याचा संशय घ्या. पॅराशूट आणि पंख : उजव्या दंडावर, १९४० च्या अखेरीपासून. पंखांशिवाय नुसते पॅराशूट उजव्या मनगटाकडे असेल तर उडीचे शिक्षण झालेला, पण पॅराशूट पलटणीत नसलेला. बॅज विजेच्या बल्बसारखा दिसतो म्हणून त्याचे नावही तेच पडले. खाली तोंड केलेला बॉम्ब डाव्या हाताला कोपराच्या खाली : इंजिनियर्सच्या बॉम्ब निकामी करणाऱ्या तुकड्या, १९४० पासून.

२१. बाहीवर काहीच नाही. म्हणजे काहीच शिकलेला नव्हता?

असा निष्कर्ष काढू नये. नवा कोट मिळाल्यावर बॅज शिवायचा राहिला, नेमबाजीची परीक्षा त्या वर्षी हुकली, युद्धात पुरवठाच आला नाही, अशी साधी कारणे असतात. भारतातल्या फोटोंत आणखी एक : पांढरट खाकी ड्रिलचे कपडे धोब्याकडे वरचेवर जात, त्यामुळे फिती आणि बॅज काढता-घालता येतील असे अडकवलेले असत, आणि फोटोच्या दिवशी ते खोलीत राहिलेले असू शकतात. उलट बाजूही लक्षात ठेवा : स्टुडिओत छडी, घोडेस्वाराची आर अशा वस्तू उसन्या मिळत. बाहीवर शिवलेला बॅज उसना मिळणे अवघड, म्हणून हातातल्या वस्तूपेक्षा बाहीवर जास्त विश्वास ठेवा.

२२. पणजोबा मराठा पलटणीत होते. हेच नियम त्यांच्या फोटोला लागतात का?

बहुतांशी लागतात. हुद्द्याच्या फिती तशाच : एक लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. जमादार, सुभेदार यांची चिन्हे खांद्यावर.

एक खास सापळा आहे. पागोट्यावर, टोपीवर किंवा कॉलरवर बिगुल दिसला म्हणून पणजोबा बिगुल वाजवत होते असे नाही. बिगुल हे लाइट इन्फन्ट्रीचे, म्हणजे हलक्या पायदळाचे चिन्ह, ते पलटणीतल्या सगळ्यांना. वाजवणाऱ्याचा बिगुल बाहीवर असतो.

खांद्यावरचा आकडा सापडला तर सोन्याहून पिवळे. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ हे १९२२ च्या आधीच्या मराठा पलटणींचे क्रमांक. त्या वर्षी या सगळ्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत एकत्र आल्या. म्हणजे तीन आकडी क्रमांक दिसला की फोटो किंवा निदान गणवेश १९२२ पूर्वीचा. १०३, ११० आणि ११७ यांपैकी एखादा असेल तर मेसोपोटेमियातला कुतचा वेढा आणि एप्रिल १९१६ मधली शरणागती तपासून पाहावी, घरातल्या ‘आजोबा तुर्कांच्या कैदेत होते’ या आठवणीचा धागा अनेकदा तिथेच मिळतो.

२३. बॅज ओळखला. आता माणसाचे नाव कसे शोधू?

बॅजवरून नाव मिळत नाही, गर्दी कमी होते. टोपीचे चिन्ह आणि खांद्याची अक्षरे यांवरून पलटण, फितींवरून सालाची खालची मर्यादा, कार्डाच्या पाठीवरून वरची, असे करत जायचे. कार्डाच्या मागे पत्ता आणि मजकूर यांच्यासाठी उभी रेघ मारून दोन भाग असतील तर ते ब्रिटनमध्ये १९०२ पासून. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला १०८ × १६५ मिलिमीटरचा फोटो कॅबिनेट कार्ड, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकाची अखेर. स्टुडिओच्या शिक्क्यात पूना, देवळाली, कामठी, महू असे गाव असेल तर ती पलटण त्या छावणीत कोणत्या वर्षांत होती हे पाहा. पलटणी दर काही वर्षांनी हलत, त्यामुळे दोन-तीन वर्षांचा पट्टा हाती लागतो.

नाव आधीच माहीत असेल तर लंडनच्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजमधील पहिल्या महायुद्धाची पदक-कार्डे पाहावीत. त्यांत पलटण, हुद्दा आणि क्रमांक मिळतो. शिपायांच्या सेवा-कागदपत्रांचा मोठा भाग सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, म्हणून कागद सापडला नाही तर शोध चुकला असे समजू नका. आणि पदक-कार्डात ट्रेड सहसा लिहिलेला नसतो. तो नालबंद होता हे सांगणारा पुरावा कधी कधी बाहीवरचे ते अडीच मिलिमीटर एवढाच असतो, म्हणून मूळ फोटो कापू नका, लॅमिनेट करू नका आणि मागे लिहायचे असेल तर मऊ पेन्सिलीनेच लिहा.